डॉ. कमला सोहोनी : कडधान्यांचं विज्ञान शोधणारी शास्त्रज्ञ

शिक्षक मित्रांनो, पालकहो, उसळ खाल्ली की पोट फुगतं, अशी तक्रार मुलं करतात ना? मग त्यांना कमलाबाईंची ओळख करून द्या.

कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदूरला झाला. लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या बहीण. १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या मागे हटल्या नाहीत. शेवटी अटी घालून प्रवेश मिळाला. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेऊन त्या मायदेशी परतल्या.

पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरा आणि कडधान्यांवर संशोधन केलं. कच्च्या कडधान्यात ट्रिप्सिन या पाचक एन्झाइमला अडवणारे घटक असतात, त्यामुळे प्रथिनं नीट पचत नाहीत. न पचलेलं अन्न मोठ्या आतड्यात गेलं की तिथले जिवाणू ते आंबवतात आणि गॅस होतो. चांगलं शिजवल्यावर हे घटक बरेचसे निकामी होतात.

आपल्या तळवड्यात पहिल्या पाळीच्या घाईत डबे भरले जातात. तरी कडधान्य रात्री भिजवा, ते पाणी टाकून द्या, मऊ शिजवा.

१९९८ साली कमलाबाई गेल्या. वर्गातल्या मुलींना त्यांच्या प्रवेशाची गोष्ट मात्र आवर्जून सांगा.