खुर्चीत बसून उभे करणाऱ्या डॉक्टर



स्मरणिकेसाठी स्वतःच्या वाटचालीबद्दल लिही, असे संपादक मंडळाने सांगितले. मी आयुष्यभर फिजिओथेरपी केली आणि थोडीफार शिकवली. या कामाचा अर्थ मला डॉ. मेरी वर्गीस यांच्या चरित्रातून कळला, म्हणून माझ्याऐवजी त्यांच्याबद्दलच लिहिते. त्यांची माझी भेट कधी झाली नाही. १९८६ मध्ये त्या गेल्या.

मेरीबाईंचा जन्म १९२५ चा, कोचीनच्या ख्रिस्ती कुटुंबातला. तमिळनाडूत वेल्लोरला डॉ. आयडा स्कडर यांनी उभारलेल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्या डॉक्टर झाल्या. जानेवारी १९५४ मध्ये सहकाऱ्यांबरोबर सहलीला जाताना गाडीला अपघात झाला. चेहऱ्याला खोल जखमा झाल्या, मणक्याला मार बसला आणि कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. तेव्हा त्यांचे वय होते २८.

त्याच रुग्णालयात डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करीत. कुष्ठरोगात नसा निकामी होतात, काही स्नायूंची ताकद जाते आणि बोटे आत वळतात. शाबूत असलेल्या स्नायूची कंडरा दुसरीकडे जोडली की बोटे पुन्हा सरळ होऊ शकतात. हाताची शस्त्रक्रिया सर्जन बसूनच करतो. ब्रँड यांनी मेरीबाईंना या कामाकडे वळवले आणि त्या व्हीलचेअरवर बसून ऑपरेशन करू लागल्या. ज्या हातांना शिवायला लोक घाबरत, ते हात त्यांनी दुरुस्त केले.

पण मणका मोडलेल्या माणसांचे काय? अशा रुग्णाला घरी पाठवले की पाठीला जखमा होत, लघवीचा संसर्ग होई आणि माणूस खंगत जाई. हे दुखणे मेरीबाई स्वतः भोगत होत्या. त्या ऑस्ट्रेलियात पर्थला आणि नंतर न्यूयॉर्कला डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत पुनर्वसनाचे शास्त्र शिकल्या. परत येऊन १९६३ मध्ये त्यांनी वेल्लोरचा पुनर्वसन विभाग हाती घेतला. १९६६ मध्ये अशा रुग्णांना ठेवून घेऊन शिकवणारी संस्था सुरू झाली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९७२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मी ख्रिस्ती नाही. तरी त्यांची श्रद्धा मला त्यांच्या कामात स्पष्ट दिसते. दुखावलेल्या माणसाची कीव करून थांबणे त्यांना पुरेसे वाटले नाही. पाय परत येणार नसतील, तर हातांनी काय करता येईल हे त्यांनी आधी स्वतःच्या बाबतीत शोधले आणि मग रुग्णांच्या बाबतीत. पलंगावरून खुर्चीत जाणे, स्वतःची आंघोळ, एखादा हातचा धंदा हे सगळे त्या उपचारातच धरत. डॉक्टर स्वतः व्हीलचेअरवरून वॉर्डात येते, याचाही रुग्णाला मोठा धीर असणार.

मी हे आपल्या बॅचसमोर का मांडते आहे? आपण आता त्या वयात आहोत. कोणाच्या आईला पक्षाघात झाला आहे, कोणाचे स्वतःचेच गुडघे बदलले आहेत. घरोघरी मी एकच दृश्य पाहते. माणूस आजारी पडला की मुलगा भरवतो, सून केस विंचरते, हातातली वाटीसुद्धा काढून घेतली जाते. प्रेमापोटीच होते हे. पण न वापरलेला हात आखडतो, आणि आपली कोणाला गरज उरली नाही असे वाटू लागले की माणूस व्यायामही सोडून देतो.

तेव्हा व्यायाम चुकवू नकाच, पण घरातल्या आजारी माणसाला रोज एक तरी काम द्या. मटार सोलायला द्या, मेथी निवडायला द्या. वेळ लागेल, सांडेल. सांडू द्या.