बाळू पालवणकर

बाळू बाबाजी पालवणकर (जन्म: धारवाड, इ.स. १८७५च्या सुमारास, मृत्यू: ४ जुलै, इ.स. १९५५) हे भारतीय क्रिकेट खेळाडू होते. डावखुरे फिरकी गोलंदाज असलेले बाळू हे अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातून पुढे आलेले पहिले नामवंत क्रिकेटपटू होत. त्यांना संघात घ्यावे की नाही, हा प्रश्न पुणे व मुंबई येथील हिंदू क्रिकेट क्लबांसमोर वारंवार उभा राहिला.

प्रारंभिक जीवन

पालवणकर कुटुंब चर्मकार समाजातील होते. त्यांचे आडनाव कोकणातील पालवण या गावावरून आले. वडील लष्करात नोकरीस होते. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम हे पुण्यात खेळ शिकले. बाळूंची पहिली नोकरी पारशी मंडळींच्या मैदानावर होती. तेथे झाडलोट करणे व रोलर फिरवणे या कामासाठी त्यांना महिना ३ रुपये मिळत. इ.स. १८९२मध्ये ते युरोपीय लोकांच्या पूना क्लबमध्ये ४ रुपये पगारावर रुजू झाले. खेळपट्टी तयार करणे व सरावासाठी जाळी उभारणे ही त्यांची कामे होती. हळूहळू क्लबचे सभासद त्यांना सरावात गोलंदाजी करावयास सांगू लागले. त्यांपैकी कॅप्टन ग्रेग हे नावाजलेले फलंदाज इतरांच्या आधी तासभर मैदानावर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत आणि बाद झाल्यास प्रत्येक वेळी आठ आणे देत, असे सांगतात. शेकडो तासांच्या या सरावाने बाळूंची गोलंदाजी घडली. फलंदाजीची संधी मात्र त्यांना क्वचितच मिळाली, कारण बॅट साहेबांच्या हाती असे.

पुण्यातील निवड

पुण्याच्या हिंदू क्लबला युरोपीय संघास हरवावयाचे होते. ग्रेगसारख्या फलंदाजास अडचणीत आणणारा गोलंदाज त्याच गावात होता. तरीही त्याला संघात घेण्यावरून क्लबमध्ये मतभेद झाले. काही तेलुगू सभासद त्यांच्या बाजूने होते, तर मराठी ब्राह्मण सभासदांचा विरोध होता. खुद्द ग्रेग यांनीच वृत्तपत्रातून बाळूंना वगळणे हा मूर्खपणा ठरेल अशा आशयाचे मत मांडले. अखेर बाळूंची निवड झाली.

ही निवड मैदानापुरतीच होती. खेळताना सहकारी त्यांच्या हातचा चेंडू घेत. चहाच्या वेळी मात्र इतर खेळाडू आत चिनी मातीच्या कपांतून चहा घेत, आणि बाळूंना तो पॅव्हेलियनबाहेर, वापरून फेकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यातून दिला जाई. जेवणाचे ताटही वेगळे असे. साताऱ्याच्या युरोपीय जिमखान्याविरुद्ध बाळूंची गोलंदाजी निष्प्रभ व्हावी म्हणून तेथील खेळपट्टीवर अनेक दिवस रोलर फिरवला गेल्याचे सांगतात. तरीही बाळूंनी ७ बळी घेऊन सामना जिंकून दिला. या विजयानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी जाहीर समारंभात त्यांचा सत्कार केला. बाळूंबरोबर खेळता येत असेल तर त्यांच्या पंक्तीस बसण्यासही हरकत नसावी, असे त्यांनी क्लबच्या सभासदांस सुचविले.

मुंबई व इंग्लंड दौरा

इ.स. १८९६मध्ये प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईस गेले. तेथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांच्या प्रवेशास पुन्हा विरोध झाला. पुण्यात मिटलेला वाद मुंबईत नव्याने घालावा लागला, आणि कर्णधार कीर्तिकर यांच्या आग्रहामुळे त्यांना प्रवेश मिळाला. पुढे त्यांना बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी मिळाली. फेब्रुवारी १९०६मध्ये मुंबईत झालेल्या सामन्यात हिंदूंनी युरोपीय संघास १०९ धावांनी हरविले. या संघात शिवरामही होते. विजयानंतर सुधारकांच्या वृत्तपत्रांनी त्याचा संबंध अस्पृश्य खेळाडूंस मिळालेल्या संधीशी जोडला.

इ.स. १९११मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी सामान्य होती. १४ प्रथम श्रेणी सामन्यांत केवळ २ विजय मिळाले. बाळूंनी मात्र दौऱ्यात एकूण ११४ बळी मिळविले. परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाच्या वतीने त्यांचा सत्कार झाला. त्या समारंभात, तेव्हा विद्यार्थी असलेल्या भीमराव आंबेडकरांचा सहभाग होता.

कर्णधारपदाचा प्रश्न

ज्येष्ठता व कामगिरी पाहता हिंदू संघाचे नेतृत्व बाळूंकडे यावयास हवे होते. ते कधीच आले नाही. इ.स. १९१३मध्ये कर्णधार झालेल्या एम.डी. पै यांनी हा मान बाळूंचा होता असे स्वतःच बोलून दाखविले. इ.स. १९२०मध्ये चौरंगी स्पर्धा भरली. सुरुवातीस बाळूंना वगळण्यात आले. पै अनुपस्थित असताना नेतृत्व बाळूंचे बंधू विठ्ठल यांच्याऐवजी दि.ब. देवधर यांच्याकडे गेले. निषेध म्हणून विठ्ठल व शिवराम यांनी संघातून माघार घेतली. अंतिम सामन्यापूर्वी तडजोड होऊन दोघे परतले आणि बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. पै काही काळ मैदानाबाहेर गेले असता त्यांनी संघाचे नेतृत्व केले. तेवढेच त्यांच्या वाट्यास आले. इ.स. १९२३मध्ये विठ्ठल कर्णधार झाले व त्यांच्या संघाने स्पर्धा जिंकली.

प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत बाळूंनी १५.२१च्या सरासरीने १७९ बळी घेतले. भारताचा पहिला कसोटी सामना इ.स. १९३२मध्ये झाला, तेव्हा त्यांचा खेळ संपून बराच काळ लोटला होता.

राजकारण व अखेर

त्याच वर्षी झालेल्या पुणे करारावर बाळूंची स्वाक्षरी आहे. इ.स. १९३३ची मुंबई महापालिकेची निवडणूक ते हरले. इ.स. १९३७मध्ये काँग्रेसने त्यांना मुंबई प्रांताच्या विधानसभेसाठी डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ तर बाळूंना ११,२२५ मते मिळाली. आपल्या समाजाला अभिमान वाटणाऱ्या दोन व्यक्ती परस्परांसमोर उभ्या राहाव्यात, हे अनेकांस खटकले. बाळूंचे निधन मुंबईत झाले.