पाच मतांचे दादाभाई

सीएसएमटीहून फ्लोरा फाउंटनकडे जाणारा डी. एन. रोड आपल्यापैकी बहुतेकांनी तुडवला असेल. त्यातले डी. एन. म्हणजे दादाभाई नौरोजी, हे मात्र विचारलं तर निम्मे जण गप्प बसतील. मीही बसलो असतो. आमच्या कॉन्व्हेंटच्या इतिहासात दादाभाई म्हणजे दोन मार्कांचा प्रश्न. इंग्रज भारताची संपत्ती बाहेर नेतात हा सिद्धांत कोणी मांडला? नाव लिहा, पुढचा प्रश्न घ्या.

खरं तर हा माणूस आपल्याच लाइनचा! जन्म 1825 चा, गरीब पारशी घरातला. वडील लहानपणीच गेले, आईने वाढवलं. एल्फिन्स्टन कॉलेजात गणित आणि नॅचरल फिलॉसॉफी, म्हणजे आजचं फिजिक्स, शिकवणारे ते पहिले भारतीय प्रोफेसर. 1855 मध्ये नोकरी सोडून कामा कंपनीच्या व्यापारासाठी ते इंग्लंडला गेले. पुढे 1874 मध्ये बडोद्याची दिवाणगिरीही केली. पण मला सांगायचं आहे ते त्यांच्या निवडणुकांबद्दल.

भारताचे निर्णय लंडनच्या पार्लमेंटमध्ये होतात, तर तिथेच जाऊन बसायचं, असं त्यांनी ठरवलं. 1886 मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, लंडनच्या होबर्न मतदारसंघातून ते लिबरल पक्षातर्फे उभे राहिले आणि सपाटून पडले. त्या वर्षी आयर्लंडच्या स्वराज्यावरून लिबरल पक्षच फुटला होता, त्यामुळे त्यांचे गोरे उमेदवारही ठिकठिकाणी आपटले. पण 1888 मध्ये होबर्नला पोटनिवडणूक झाली आणि हुजूर पक्षाचं मताधिक्य घटलं, तेव्हा पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी एडिनबरोच्या सभेत वेगळंच कारण काढलं. मागच्या वेळी समोर एक काळा माणूस होता म्हणून आपलं मताधिक्य फुगलं होतं, आणि ब्रिटिश मतदार काळ्या माणसाला निवडून देण्याइतके अजून पुढे गेलेले नाहीत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. नावसुद्धा घेतलं नाही!

झालं उलटंच. पेपरांत गदारोळ उठला. ज्यांनी दादाभाईंचं नाव कधी ऐकलं नव्हतं त्यांना ते घरबसल्या कळलं. लिबरल मंडळींनी त्यांचा सत्कार केला. थट्टाही झाली, की दादाभाई तर गोरेपान, सॉल्सबरीच त्यांच्यापेक्षा सावळे! ही थट्टा वाचून मी आधी हसलो. मग वाटलं, यात सॉल्सबरींचा मुद्दा खोडला कुठे? काळं असणं हा दोष आहे हे मान्य करूनच उत्तर दिलंय की. दादाभाई खरंच काळे असते, तर त्यांच्या बाजूने कोण बोललं असतं? आपल्याकडे लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी' लिहिणाऱ्यांनी सॉल्सबरींवर फार हसू नये.

अर्थात नुसत्या सहानुभूतीवर कोणी निवडून येत नाही. त्याच वर्षी सेंट्रल फिन्सबरीत त्यांची उमेदवारी ठरली होती, पण पक्षातल्याच एका गटाला ती मान्य नव्हती आणि त्या गटाने आपला वेगळा माणूस पुढे केला. दादाभाई हटले नाहीत. हा भाग घड्याळं बनवणाऱ्या कारागिरांचा आणि कामगारांचा. तिथे चार वर्षं ते सभा घेत राहिले. बोलायचे ते फक्त भारतावर नाही, तर कामगारांच्या प्रश्नांवर, आयर्लंडवर, लंडनच्या कारभारावर, स्त्रियांच्या मताधिकारावर. आता गंमत अशी, की स्त्रियांना तर मतच नव्हतं, म्हणजे त्या मुद्द्यावर हाताला काही लागणार नव्हतं. तरी ते बोलले.

जुलै 1892 मध्ये मतदान झालं. दादाभाई 2,961, हुजूर पक्षाचे पेंटन 2,956. पाच मतं! एकूण 5,917 मतांत पाच म्हणजे एक टक्क्याचा दहावा भागही नाही. नुसत्या तिघांनी बाजू बदलली असती तरी निकाल फिरला असता. लंडनकरांनी लगेच नौरोजीचं 'नॅरो-मेजॉरिटी' करून टाकलं. विरोधी पेपरांनी मुंबईचा अग्निपूजक निवडला म्हणून फिन्सबरीकरांनाच लाज काढून विचारलं. दादाभाईंनी शपथ बायबलवर न घेता आपल्या अवेस्तावर घेतली.

आमच्या हॉस्टेलात मेस सेक्रेटरी निवडतानासुद्धा कोणाची तरी जात आणि कोणाचं तरी बॅकलॉग निघतंच. म्हणून मी तो आकडा पुन्हा पुन्हा बघतो. 2,961 लोकांनी पंतप्रधानांचं भाकीत खोटं ठरवलं, हे खरं. उरलेले 2,956 सगळेच रंग बघून गेले, असंही नाही. काही जण पिढ्यान्‌पिढ्या हुजूर पक्षाचेच असतील. कोणी कशासाठी शिक्का मारला हे पेटीतून कळत नाही.

1895 मध्ये दादाभाई हरले, लिबरल पक्षही हरला. आणि त्याच निवडणुकीत लंडनच्या बेथनल ग्रीन भागातून मुंबईचेच दुसरे पारशी, मंचरजी भावनगरी, निवडून आले. पक्ष कोणता? सॉल्सबरींचाच! त्यांनी सात वर्षांपूर्वी जे होणार नाही म्हटलं होतं, ते त्यांच्याच पक्षाच्या तिकिटावर झालं.

दादाभाई 1906 मध्ये, ऐंशीव्या वर्षी, नॉर्थ लॅम्बेथमधून पुन्हा उभे राहिले. पुन्हा पडले. मग त्याच वर्षी बोटीने भारतात आले आणि कलकत्त्याला तिसऱ्यांदा काँग्रेसचे अध्यक्ष झाले.