आपल्या रानाचे सागवान
(पहिले बाजीराव पेशवे ह्यांचे अल्पचरित्र)

विद्यार्थिमित्रहो, शहागंजाच्या आसपासच्या गल्ल्यांतून शाळेस येताना एखाद्या जुन्या घराचे लाकडी खांब व तुळया तुमच्या दृष्टीस पडल्या असतील. अशा घराची भिंत ढासळली तरी माळा उभा राहतो. कारण घराचा भार भिंतीवर नसून लाकडी सांगाड्यावर असतो. ह्याच रचनेचे, परंतु पुष्कळ मोठे असे घर पुण्यास बांधविणारे पुरुष म्हणजे पहिले बाजीराव पेशवे. रणांगणावरील बाजीराव सर्वांस ठाऊक आहेत. आज आपण घर बांधणाऱ्या बाजीरावांची ओळख करून घेऊ.

त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १७०० रोजी झाला. वडील बाळाजी विश्वनाथ हे छत्रपती शाहू महाराजांचे पेशवे. १७२० च्या एप्रिलात ते निवर्तले, आणि महाराजांनी त्याच महिन्यात पेशवाईची वस्त्रे वीस वर्षेही पुरी न झालेल्या ह्या पुत्रास दिली. पुढील वीस वर्षे बहुतेक घोड्याच्या पाठीवरच गेली. आपल्या शहराशीही त्यांचा संबंध आला. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हे त्या काळी निजामुल्मुल्क ह्यांचे मुख्य ठाणे होते. १७२८ च्या फेब्रुवारीत बाजीरावांनी वैजापूरजवळ पालखेड येथे त्यांच्या फौजेचे दाणापाणी तोडून तिची कोंडी केली, आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला.

पेशव्यांचे बिऱ्हाड पूर्वी सासवडास असे. पुणे हे कारभाराचे ठिकाण करावयाचे, तर तेथे घर हवे. मुठा नदीच्या जवळ १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, वाड्याचा पाया घातला गेला. शनिवारवाडा हे नाव आजही चालत आहे. साग जुन्नरच्या रानांतील, दगड चिंचवडच्या खाणींतील, चुना जेजुरीकडचा. जे आपल्या भूमीने दिले, त्याचेच घर उभे राहिले.

अशा घराची बांधणी समजून घेण्याजोगी आहे. प्रथम दगडी जोते. जोत्यावर दगडाचे तळखडे, आणि त्यांवर सागाचे खांब. तळखड्यामुळे जमिनीची ओल व वाळवी खांबास सहसा शिवत नाही. खांबांच्या डोक्यावर तुळया, तुळयांवर कड्या, आणि कड्यांवर फळ्या. लाकडाचे कुसू लाकडाच्याच खाचेत घट्ट बसवितात. सागाच्या अंगी तेल असल्यामुळे कीड त्यास लवकर लागत नाही, व चांगले वाळलेले लाकूड फारसे वाकतही नाही.

परंतु साग एका पावसाळ्यात वाढत नाही. जे झाड आज तोडावयाचे, ते आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी रुजलेले असते. म्हणूनच रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात झाडांविषयी ताकीद आहे, की आंबा-फणसासारखी झाडे तोडू नयेत, कारण रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे जीर्ण झाड हवेच असेल, तर धन्यास राजी करून व मोल देऊन घ्यावे.

वाडा दोन वर्षांत तयार झाला. २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. खर्च रुपये १६,११० आला. मोहिमांच्या कर्जाने गांजलेल्या ह्या पुरुषास त्या घरात निवांत राहणे मात्र फारसे लाभले नाही. १७३७ मध्ये ते दिल्लीच्या वेशीपर्यंत जाऊन आले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी भोपाळास निजामुल्मुल्क ह्यांस पुन्हा कोंडले. १७४० च्या आरंभी आपल्याच शहराच्या परिसरात निजामपुत्र नासिरजंग ह्यांच्याशी झुंज होऊन मुंगी-पैठणचा तह झाला. तेथून ते उत्तरेकडे निघाले. आणि २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे, घरापासून दूर, छावणीत त्यांचे देहावसान झाले. वय अवघे एकोणचाळीस.

पुढील पेशव्यांनी वाडा वाढविला. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी त्यास आग लागली व ती सात दिवस धुमसत राहिली. खांब, तुळया, माळे, सारे भस्म झाले. उरले ते दगडी जोते, तट आणि दरवाजे.

मुलांनो, ह्या चरित्रातून काय घ्यावे? घर बांधणाऱ्यास त्यात राहावयास मिळेलच असे नाही, आणि झाड लावणाऱ्यास त्याची तुळई दिसेलच असेही नाही. जुन्नरच्या रानात तो साग ज्या काळी रुजला, त्या काळच्या कोणास वाड्याची कल्पनाही नव्हती. आपणही मागच्यांनी राखलेल्या सावलीत बसतो. तेव्हा पाया खोल घालावा, आणि एक लाकूड तोडण्यापूर्वी दोन रोपे लावावी. फळ कोणाच्या पदरी पडेल, ह्याची चिंता करू नये.