चार उतरते स्वर

दरबारी चाकरीचे सुखदुःख आपल्या जुन्या घरांना नवे नाही. म्हणून क्लाउदिओ माँतेव्हेर्दीची हकीकत मला परकी वाटत नाही. १५६७ साली इटलीतील क्रेमोना गावी वैद्याच्या घरी जन्मलेला हा संगीतकार पुढे मांतुआच्या गोंझागा दरबारी राहिला. काव्यातील व्यथेसाठी तो नियम मोडून विसंवादी स्वर योजी. आर्तुसी नामक पंडिताने १६०० साली नाव न घेता त्याचे वाभाडे काढले. (पंडित सगळीकडे सारखेच!) १६०७ च्या सप्टेंबरात पत्नी वारली, आणि दरबाराने त्याला लगोलग परत बोलाविले, युवराजाच्या लग्नासाठी संगीतिका हवी होती. त्या 'आरियाना'च्या संगीतातला एक विलापच आज उरला आहे. त्याच युवराजाने ड्यूक होताच, १६१२ साली, त्याला काढून टाकले. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चने मात्र पुढल्याच वर्षी सन्मानाने नेमले. १६४३ साली तो तेथेच वारला.

मी पुनःपुन्हा ऐकतो तो सत्तरी उलटल्यावर, १६३८ साली, त्याने छापलेला 'अप्सरेचा विलाप'. खर्जात तेच चार उतरते स्वर फिरून फिरून येतात. वर ती प्रियकराने टाकलेली स्त्री तालाच्या हिशेबाने नव्हे, मनाच्या गतीने गाते. तिचा सूर खालच्या स्वराशी खटकतो, क्षणभर मिळतो, पुन्हा खटकतो. तिघे पुरुष बाजूला उभे राहून हळहळतात. ती त्यांच्याकडे वळूनही पाहत नाही.