समजून घ्या : जहाजावर बॉम्ब पडला, दृष्टी गेली, तरी पाखरांचे फोटो काढले, कोण होते लोक वान थो?

पक्षी सप्ताहात (५ ते १२ नोव्हेंबर) कॅमेरा घेऊन गोरेवाड्याला जाणाऱ्या नागपूरकरांना सलीम अली ठाऊक असतात. त्यांचा फोटोग्राफर मित्र मात्र फारसा कोणाला माहीत नाही. त्याचे नाव लोक वान थो. (हो, ‘लोक’ हे आडनाव आहे!)

१९१५ मध्ये क्वालालंपूरच्या श्रीमंत घरात जन्म, केंब्रिजला शिक्षण, मग सिंगापुरात चित्रपटगृहांचा व्यवसाय. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी सैन्य आले. ते ज्या जहाजातून निसटले, त्यावर बॉम्ब पडला. ते गंभीर भाजले, काही काळ दिसेनासेच झाले. बरे होऊन भारतात राहिले आणि इथे सलीम अलींशी गट्टी जमली.

शिंजीर, नाचण असे चिमुकले पक्षी झाडीत क्षणभर टिकत नाहीत. तेव्हा सेकंदाला वीस फोटो काढणारे कॅमेरेही नव्हते. पक्षी नक्की परत येणार ती जागा एकच, घरटे. त्याजवळ कापडी लपण उभारायचे, पक्षी सरावला की थोडे पुढे सरकवायचे आणि आत तासन्‌तास बसायचे. लोक वान थो याच पद्धतीने फोटो काढत. आज जाणकार घरट्याजवळ जाऊच नका म्हणतात. माणसाच्या वावराने आई-बाप घरटे सोडतात, पिले कावळ्यांना सापडतात.

सलीम अलींच्या मोहिमांना त्यांनी पैसाही दिला. १९५७ मध्ये त्यांचे ‘अ कंपनी ऑफ बर्ड्‌स’ हे पुस्तक आले. २० जून १९६४ रोजी तैवानमधील विमान अपघातात ते पत्नीसह गेले. वय ४९ वर्षे.