बाकीबाब : एका मैफलप्रिय गृहस्थाचे जीवन

बाळकृष्ण भगवंत बोरकर हे नाव मराठी वाचकाला ग्रंथाच्या मुखपृष्ठावरून परिचित आहे. गोमंतकातला माणूस मात्र त्यांना बाकीबाब म्हणूनच ओळखत आला. 'बाब' हा गोव्यातील आदराचा प्रत्यय आणि 'बाकी' हे घरातले लाडके नाव. घरातले नाव अख्ख्या प्रदेशाच्या तोंडी बसावे असे भाग्य फार थोड्या कवींच्या वाट्याला येते. ते त्यांना केवळ कवितेमुळे लाभले नाही. बोरकरांना माणसांचा विलक्षण सोस होता, आणि माणसांनीही तो सव्याज परत केला.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १९१० चा. मूळ गाव जुवारीकाठची बोरी. नवदुर्गेचे देवालय, माडापोफळींची कुळागरे, भरतीओहोटीचे पाणी आणि घरात भजनाची अखंड परंपरा, असा हा परिसर. संतांचे अभंग त्या घरात पाठ करावे लागत नसत. ते कानावरून मनात उतरत. सांजवेळच्या भजनात प्रत्येकाने अभंग म्हणायचा असा घरचा शिरस्ता होता आणि एकदा पाठातले अभंग संपल्यामुळे लहानग्या बाळकृष्णाने स्वतःच एक रचून त्यात आपल्या घरगुती नावाची मुद्रा घातली, अशी हकीकत सांगितली जाते. तिच्या तपशिलात थोडाफार फरक आढळला तरी तिचे मर्म खरे आहे. बोरकरांची कविता कागदावर जन्मली नाही. ती कुटुंबाच्या मेळ्यात, गळ्यातून जन्मली. पुढे आयुष्यभर ते कविता वाचत नसत, गात असत, याचे मूळ इथे सापडते.

पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या मुलाला मराठी शाळेबरोबर पोर्तुगीज शिक्षणही घ्यावे लागे. बोरकरांनी ते घेतले, आणि राज्यकर्त्यांच्या भाषेतल्या काव्याचा आस्वादही घेतला. पुढे १९६५ साली आपल्या संग्रहाला त्यांनी 'गितार' हे नाव दिले, त्यात गोव्याच्या ख्रिस्ती शेजाराचे ऋण उघड दिसते. धारवाडहून मॅट्रिक झाल्यावर पुढचे शिक्षण सुटले आणि १९३० पासून त्यांनी गोव्यातच शिक्षकी पत्करली. त्याच वर्षी 'प्रतिभा' हा पहिला संग्रह निघाला. भा. रा. तांबे यांना त्यांनी मनोमन गुरू मानले होते. दूर ग्वाल्हेरीस बसलेल्या कवीचा संसारी, गेय, प्रसन्न स्वर बोरीच्या या तरुणाला आपला वाटावा, यात नवल नाही. १९३७ च्या 'जीवनसंगीत'ने त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले.

पंधरा वर्षांची ही मास्तरकी संसाराला पुरेल इतकीच होती. तरीही १९४६ साली डॉ. राममनोहर लोहियांनी गोव्यात नागरी स्वातंत्र्याची हाक दिली, तेव्हा बोरकर घरदार सांभाळून गप्प राहिले नाहीत. ते चळवळीत उतरले, गोवा सोडून मुंबईस आले आणि 'आमचा गोमंतक' व कोकणी 'पोर्जेचो आवाज' या पत्रांच्या संपादनात गुंतले. मुलाबाळांच्या गृहस्थाने स्थिर जीवन मोडून परमुलखात नवा डाव मांडणे म्हणजे काय, हे त्या काळच्या गोमंतकीय कुटुंबांना सांगावयास नको. या धडपडीचा भार पत्नी रुक्मिणीबाईंनी वाहिला. बोरकरांच्या प्रेमकवितेची चर्चा करताना समीक्षक राधाकृष्णाच्या परंपरेकडे वळतात. पण त्या कवितेतला प्रणय बहुतांशी घरातला आहे, चुलीच्या उबेचा आहे, हे ध्यानी घेतल्यावाचून तिची गोडी पुरती कळत नाही. देहसुखाचा संकोच नाही आणि देवघराशी वैरही नाही, असा हा दुर्मिळ संसारी कवी. 'भावीण' या १९५० च्या कादंबरीत देवळाला वाहिलेल्या स्त्रियांचे दुःख त्यांनी मांडले, तेही या घरगुती करुणेतूनच.

१९५० नंतरचा काळ पुणे आकाशवाणीत आणि गोवा मुक्त झाल्यावर पणजी आकाशवाणीत गेला. १९७० साली ते निवृत्त झाले. नोकरी निमित्तमात्र; खरा दरबार मैफलीत भरे. मित्र जमले, समोर ताजी मासळी आली (तिची त्यांना असलेली आवड जगजाहीर होती) आणि रात्र चढू लागली की बाकीबाब कविता म्हणू लागत. स्वतःच्या चालीत, डोळे मिटून, ऐकणाऱ्याला सोबत घेऊन. एखाद्या नवख्या कवीचे चार शब्द आवडले तर त्याचेही कौतुक तेवढ्याच मोकळेपणी करीत. आपल्या काव्याविषयीचा त्यांचा अभिमान काहींना खटके. पण त्यात मत्सराचा लवलेश नव्हता, हे त्यांच्या टीकाकारांनाही मान्य करावे लागे.

मात्र या सर्वप्रिय माणसाच्या आयुष्यात एक अवघड पेच होता, आणि मराठी ग्रंथालयाच्या पानांवर तो टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. मराठीचे हे थोर कवी कोकणी ही स्वतंत्र भाषा आहे असे मानीत, आणि तिच्यातही लिहीत. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाच्या आगेमागे गोव्यात घराघरांत दोन तट पडले. जुने स्नेही एकमेकांच्या ओसरीवर येईनासे झाले. दोन्ही भाषांत सारख्याच ममतेने लिहिणाऱ्या माणसाची त्या काळी दोन्हीकडून ओढाताण झाली. एका पक्षाला ते पुरते आपले वाटत नव्हते, दुसऱ्यालाही नाही. त्याच १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९७५ साली साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली आणि १९८१ चा अकादमी पुरस्कार बोरकरांना मिळाला तो 'ससाय' या कोकणी संग्रहासाठी. 'दूधसागर', 'आनंदभैरवी', 'चित्रवीणा' यांचा कर्ता अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी कधीच बसला नाही. मराठीने आपल्या या लेकरास पुरता न्याय दिला नाही, असे म्हणावेसे वाटते. त्यांनी स्वतः मात्र मराठी सोडली नाही. 'कांचनसंध्या' हा मराठी संग्रह त्याच १९८१ चा आहे. आईशी कोकणीत बोलावे आणि तुकोबांशी मराठीत, हा त्यांचा रोजचा व्यवहार होता. त्यात विसंगती आहे हे त्यांना कधी पटलेच नाही.

त्याआधी १९७२ साली कुसुमाग्रजांसारख्या समकालीन कवीने त्यांच्या निवडक कवितांच्या 'चांदणवेल'चे संपादन अंगावर घेतले होते. महात्मा गांधींवर 'महात्मायन' हे महाकाव्य रचण्याचा संकल्प बोरकरांनी धरला होता. ते पुरे झाले नाही. ८ जुलै १९८४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी बोरकरांच्या कवितांच्या जाहीर वाचनाचे कार्यक्रम केले. दोघेही त्यांच्या मैफलीतले जुने श्रोते. बाकीबाब रवींद्रनाथांवरील आपल्या ग्रंथात त्या महाकवीला आनंदयात्री म्हणाले होते. या दांपत्याने आपल्या कार्यक्रमाला आनंदयात्रेचेच नाव दिले. सभागृहे भरत, आणि ज्यांनी बोरकरांना कधी पाहिले नव्हते अशी तरुण मुले त्या कविता पाठ करून घरी जात.